सोन्याचा स्पंज आणि तीनपट उशीर: एका मोजणीचे प्रकरण

हे प्रकरण आमच्याच प्रयोगशाळेतले आहे. माणसांची आणि संस्थेची नावे काढली आहेत, आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. चूक कोणाची होती हे लपवलेले नाही, कारण तिचा मोठा वाटा माझा होता.

पार्श्वभूमी

मिठाईवर चांदीचा वर्ख असतो, तसाच बारा कॅरेट पांढऱ्या सोन्याचा वर्खही मिळतो. चौकटी आणि मूर्ती मढवणारे कारागीर तो वापरतात. जाडी साधारण १०० नॅनोमीटर. बारा कॅरेट म्हणजे वजनाने निम्मे सोने आणि निम्मी चांदी. पण चांदीचा अणू हलका असल्यामुळे अणू मोजायला गेलात तर शंभरात सोन्याचे ३५ आणि चांदीचे ६५ भरतात.

हा वर्ख नायट्रिक ॲसिडवर तरंगत ठेवला की चांदी विरघळून निघून जाते आणि सोने मागे राहते. विटा-खानापूर भागातले जे गलाई व्यावसायिक देशभर पसरले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. तेजाबात सोने-चांदी वेगळे करणे हे त्यांचे रोजचे काम. फरक एवढाच, की त्यांना मागे उरलेले सोने वितळवून लगड करायची असते आणि आम्हाला ते जसे उरते तसेच हवे असते. कारण ते चुरा होऊन पडत नाही. चांदीचा थर निघाला की उघडे पडलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकतात, एकमेकांना धरून गोळा होतात, त्यांच्या मधून खालची चांदी पुन्हा उघडी पडते आणि हेच चक्र आत आत जात राहते. ही गोष्ट जोना एर्लबाकर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली नीट मांडली. शेवटी हाती येतो तो सोन्याचा स्पंज: २०-३० नॅनोमीटर जाडीचे धागे, त्यांच्यामध्ये तेवढ्याच पोकळ्या, आणि सगळे धागे एकमेकांना जोडलेले. साठ-पासष्ट टक्के जागा रिकामी.

आमची शोधविद्यार्थिनी हे काम फार हळुवारपणे करायची. फ्यूम हूडमध्ये पेट्री डिश, तिच्यात तीव्र ॲसिड, त्यावर वर्खाचा चौकोन. आधी चांदीसारखा लखलखीत, मग कडेने मळका, मग पाच-दहा मिनिटांत सगळाच तपकिरी. काचेची स्लाइड तिरकी बुडवून ती तो खालून उचलायची, दुधावरची साय मोडू न देता उचलतात तसा. मग तीन वेळा पाण्यावर सोडून धुवायची. दहातले चार तरी फाटायचे. उरलेल्यांतले दोन मोजण्याजोगे निघायचे.

मोजायचे होते ते इलेक्ट्रॉनांचे थंड होणे. धातूवर १०० फेम्टोसेकंदांचा लेसरचा ठोका मारला की प्रकाश आधी इलेक्ट्रॉन पितात. (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, आणि फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा.) अणू जड असल्याने त्यांना याची खबर उशिरा लागते. त्यामुळे थोडा वेळ एकाच धातूत दोन तापमाने नांदतात: इलेक्ट्रॉन हजार-दीड हजार केल्विनवर, आणि अणूंची लॅटिस, म्हणजे जाळी, अजून खोलीच्या तापमानाला. मग इलेक्ट्रॉन आपली उष्णता लॅटिसच्या कंपनांना, म्हणजे फोनॉनांना, देत उतरतात. अनिसिमोव आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली मांडलेले हे दोन तापमानांचे गणित आजही वापरात आहे. इलेक्ट्रॉन आणि फोनॉन यांच्यात ही देवघेव किती सहज होते, ते सांगणारा आकडा म्हणजे युग्मनांक. तो मोठा असेल तर इलेक्ट्रॉन लवकर थंड होतात.

मोजण्याची रीत पंप-प्रोबची. पंप नावाच्या जोरदार ठोक्याने तापवायचे, थोड्या वेळाने येणाऱ्या दुबळ्या प्रोबने बघायचे की सॅम्पलमधून आता किती प्रकाश पार होतो. त्यातला बदल हा आमचा सिग्नल, आणि तो सुरुवातीच्या ३७ टक्क्यांवर उतरायला लागतो ती थंड होण्याची वेळ. 'थोडा वेळ' आरशाने ठरतो: डिले स्टेजवरचा आरसा ०.१५ मिलिमीटर मागे नेला की प्रोबला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालावे लागते आणि त्याला एक पिकोसेकंद उशीर होतो. घड्याळ म्हणून आमच्याकडे एक स्क्रू आहे असे मी नव्या मुलांना सांगते.

अडचण

पहिल्या चांगल्या मोजणीची संध्याकाळ मला आठवते. तिने दोन आलेख एकावर एक टाकले होते. एक सपाट सोन्याच्या १०० नॅनोमीटर फिल्मचा, काचेवर बसवलेल्या. दुसरा स्पंजाचा. दोन्हींवर पंप सारखाच, ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, १ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर.

"ताई, बघा ना. सपाटचा सिग्नल १.२ पिकोसेकंदांत ३७ टक्क्यांवर येतोय. स्पंजला ३.६ लागतात."

तीनपट. फिट, म्हणजे बिंदूंवर बसवलेला वक्र, परत टाकले, तेच. दुसऱ्या स्लाइडवर घेतले, ३.५. सरांना बोलावले. सर बराच वेळ उभ्यानेच बघत राहिले, मग खुर्ची ओढून बसले. आमच्याकडे सर बसले की मामला गंभीर आहे असे समजायचे.

सरळ वाचन हे होते: स्पंजात इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मन एक तृतीयांशावर आले आहे. धागे बारीक, कंपनांचे प्रकार बदललेले, म्हणून इलेक्ट्रॉनांना उष्णता देणे अवघड जाते. ऐकायला पटण्यासारखे. मथळा तर तयारच होता. एका परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत नऊ दिवसांवर होती, आणि विद्यार्थिनीचा प्रगती-सेमिनार त्याच महिन्यात.

मला एक गोष्ट टोचत होती. नॅनोकणांवर या प्रश्नाची वर्षानुवर्षे चर्चा झाली आहे. २००३ साली फ्रान्समधल्या एका गटाने सोन्या-चांदीच्या कणांवर दाखवले होते, की आकार सुमारे १० नॅनोमीटरच्या खाली गेला की ही देवघेव जलद होते. त्याहून मोठ्या कणांत ती जवळपास सपाट धातूसारखीच राहते. आमचे धागे २५ नॅनोमीटरचे. म्हणजे आधीचे काम बघता फरक फारसा पडायला नको होता, आणि पडलाच तर उलट्या दिशेने. आणि आम्ही तर तीनपट मंद म्हणत होतो.

हे मी बोलले. सर म्हणाले, "कण सुटे असतात, हे सगळे जोडलेले आहे. वेगळे असू शकते." असू शकते हे खरेच होते. त्यामुळे तो मुद्दा तिथेच राहिला.

कोणते रस्ते होते

सारांशाच्या बाबतीत तीन. 'युग्मन कमकुवत' म्हणून पाठवायचे. किंवा कारण न सांगता फक्त निरीक्षण पाठवायचे. किंवा या वर्षी सोडून द्यायचे. पहिल्या रस्त्याकडे सगळ्यांचा ओढा होता, माझाही. पाठवल्यावर सुधारता येतेच, असे आम्ही एकमेकांना सांगत होतो. पण छापील सारांशातले वाक्य खोडता येत नाही आणि पुढचा माणूस तेच उचलतो, हेही सगळ्यांना ठाऊक होते.

शेवटी दुसरा रस्ता धरला. 'स्पंजात इलेक्ट्रॉन जास्त काळ तापलेले राहतात' एवढेच लिहिले, 'का' हे गाळले. सरांना ते मुळीच आवडले नाही. "हे म्हणजे पाहुण्यांना बोलावून ताट न वाढणे झाले," असे म्हणत त्यांनी सही केली.

प्रयोगाच्या बाजूचा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता, आणि तो सुचला तोही चहाच्या वेळी. विद्यार्थिनी सहज म्हणाली, की स्पंज काळपट दिसतो आणि सपाट फिल्म आरशासारखी. मग दोघींना सारखा प्रकाश मिळतो तरी का?

मी कप खाली ठेवला. दोन्हींवर पंपाची शक्ती सारखी ठेव ही सूचना माझीच होती. न्याय्य तुलना म्हणून दिलेली. पण सारखी शक्ती फक्त लेसरच्या तोंडाशी सारखी होती. ८०० नॅनोमीटरला सपाट सोने पडलेल्या प्रकाशातला सुमारे ९७ टक्के परत फेकते. ते आत घेते जेमतेम ३ टक्के. स्पंज किती घेतो हे आम्ही मोजलेच नव्हते. तीन महिन्यांच्या वहीत एकाही पानावर तो रकाना नव्हता.

आता चाचणीसाठी चार गोष्टी समोर आल्या. पंप ४०० नॅनोमीटरला न्यायचा, कारण तिथे सपाट सोनेही निम्म्याहून जास्त प्रकाश पिते आणि दोघांतली दरी कमी होते. पण त्या रंगाचा फोटॉन ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, सोन्यात २.४ च्या आसपास खालच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन उचलले जाऊ लागतात, म्हणजे उत्तेजनाची जातच बदलते. एक शंका घालवायला दुसरी आणायची. दुसरी गोष्ट, दोन्ही सॅम्पलचे शोषण प्रत्यक्ष मोजायचे. तिसरी, पंप कमी कमी करत जायचे आणि शून्याकडे काय उरते ते पाहायचे. चौथी मला सगळ्यांत आवडली: सपाट फिल्मवरचा पंप एवढा वाढवायचा, की तिचे इलेक्ट्रॉनही स्पंजाएवढेच तापतील, आणि मग दोघींची शर्यत लावायची.

४०० नॅनोमीटरचे बाजूला ठेवले. बाकी तिन्ही केल्या.

काय केले

*शोषण.* आरशासारखा सरळ परतलेला आणि सॅम्पलमधून पार गेलेला प्रकाश मोजून उरलेला शोषला असे धरणे सपाट फिल्मला चालते. स्पंज मात्र प्रकाश चहूकडे उधळतो, आणि तो उधळलेला प्रकाश चुकून 'शोषलेला' गणला जातो. त्यासाठी आतून पांढरा लेप असलेला पोकळ गोळा लागतो, इंटिग्रेटिंग स्फिअर, जो सगळ्या दिशांचा प्रकाश गोळा करतो. आमच्याकडे तो नव्हता. शेजारच्या विभागात रंगांची चाचणी करणाऱ्यांकडे होता आणि बराच काळ कोणी हात लावलेला नव्हता. धूळ झटकून दोन दिवस उसना घेतला. उत्तर आले: स्पंज साधारण ३० टक्के प्रकाश आत घेतो.

म्हणजे दसपट. पण गोष्ट तिथेही थांबत नाही. तो दसपट प्रकाश वाटून घ्यायला स्पंजात धातूच कमी आहे. शंभर नॅनोमीटर जाडीत सोने असते जेमतेम ३५ नॅनोमीटरच्या थराएवढे. त्यामुळे प्रत्येक घनमीटर *सोन्याला* मिळणारी ऊर्जा सुमारे २९ पट. सपाटात ३० लाख ज्यूल प्रति घनमीटर, स्पंजात साडेआठ कोटींहून थोडी जास्त.

त्या संध्याकाळी एका पाठकोऱ्या कागदावर आम्ही हिशेब केला. इलेक्ट्रॉनांची उष्णताधारिता त्यांच्या तापमानाबरोबर वाढते. सोन्यासाठी दर घनमीटर, दर केल्विन-वर्गाला सुमारे ७० ज्यूल हा गुणक. यावरून सपाट फिल्मचे इलेक्ट्रॉन ३०० वरून ४२० केल्विनवर जातात. स्पंजाचे १६०० वर.

एकाच लेसरखाली ४२० आणि १६००. आम्ही कोमट पाण्याची आणि उकळत्या पाण्याची भांडी शेजारी ठेवून विचारत होतो, की हे भांडे उशिरा का निवते.

आणि सोन्याच्या बाबतीत उकळते भांडे नुसतेच वरून सुरू होत नाही. तापलेल्या इलेक्ट्रॉनांची धारिताही जास्त, म्हणून तेवढीच उष्णता दिली तरी तापमान हळू उतरते. ज्ञात युग्मनांक घातला तर खूप तापलेले इलेक्ट्रॉन दर पिकोसेकंदाला सुमारे ३०० केल्विनने उतरतात, आणि शेवटी लॅटिसच्या जवळ आले की आणखी संथ होतात. सपाट सोन्याचाच युग्मनांक दोन्हीकडे घालून ३७ टक्क्यांवर यायला किती वेळ लागेल ते काढले. ४२० केल्विनवरून: १.२ पिकोसेकंद. १६०० वरून: ३.६.

कागदाकडे तिघेही बघत राहिलो. जे तीनपट आम्ही नव्या भौतिकीला देऊ केले होते, ते सगळेच्या सगळे या हिशेबात बसत होते. विद्यार्थिनीचा चेहरा पडला. "म्हणजे नवीन काहीच नाही?" तिला काय सांगावे ते मलाही पटकन सुचले नाही.

*पंप कमी करत जाणे.* हिशेब जुळला म्हणजे सिद्ध झाले असे नाही. तिने स्पंजावर पंप १, ०.५, ०.२५ आणि ०.१ मिलिज्यूलवर मोजला. वेळा आल्या ३.६, २.७, २.१ आणि १.५ पिकोसेकंद. उतरत होत्या हे चांगले. मग आमची दुसरी घसरण झाली. वेळ आणि पंपाची शक्ती असा आलेख काढून त्यातून पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेष ओढली आणि ती शून्यावर कुठे भेटते ते वाचले. १.४ च्या जवळपास. सपाट सोन्याचे शून्याकडचे मूल्य १ पिकोसेकंदाच्या आसपास. म्हणजे तीनपट गेले, पण चाळीस टक्के उरलेच की! सर पुन्हा बसले.

या चाळीस टक्क्यांनी आमचा आठवडा खाल्ला. उरलेल्या चांदीमुळे असेल का? चांदी काही टक्के राहतेच, पण तिचा युग्मनांक सोन्यापेक्षा मोठा. तिने वेळ कमी केला असता. धाग्यांच्या पृष्ठभागामुळे? असे तर्क चालले. शेवटी चूक सापडली ती आलेखाच्या आडव्या अक्षात. तापमान पंपाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, साधारण वर्गमुळाने वाढते. त्यामुळे वेळ-विरुद्ध-शक्ती ही रेष मुळातच वाकडी असते, शून्याजवळ वेगाने खाली वळणारी. आम्ही तिच्यावर सरळ पट्टी ठेवत होतो आणि पट्टी खालचे वळण बघत नव्हती. आडव्या अक्षावर इलेक्ट्रॉनांचे सुरुवातीचे तापमान घेतले आणि चारही बिंदू रेषेवर येऊन बसले. रेष खोलीच्या तापमानाला भेटली ती १ पिकोसेकंदाजवळ, मोजणीतल्या त्रुटीच्या मर्यादेत सपाट सोन्याएवढीच.

मला वाटते, संपूर्ण प्रकरणात धोका सर्वांत जास्त इथे होता. तीनपट फरकावर कोणीही शंका घेतो. चाळीस टक्के हा आकडा फार सभ्य दिसतो. आम्ही तो छापला असता आणि कोणी हरकतही घेतली नसती.

*डाग.* मधल्या काळात एक निराळीच भानगड निघाली. विद्यार्थिनीने उत्साहाने एक दिवस पंप ८ मिलिज्यूलपर्यंत नेला आणि मग खाली आणला. खाली येताना १ मिलिज्यूलला वेळ ३.६ ऐवजी ३ च्या आसपास आली. तिने ते लपवले नाही. पानावर लाल पेनाने गोल केला. कॅमेऱ्यात पाहिले तर लेसर पडत होता तिथे स्पंज किंचित उजळ झाला होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली डागाच्या मध्यभागी धागे जाड झालेले दिसले, कडेला जसेच्या तसे. १ मिलिज्यूलला लॅटिस सरासरी ३५ केल्विननेच तापते, त्याने काही होत नाही. पण आठपट पंप, आणि लेसरच्या डागाच्या मध्यावर ऊर्जा सरासरीच्या दुप्पट. तिथे सोन्याचे अणू पुन्हा सरकू लागतात आणि बारीक धागे जाड धाग्यांत विरून जातात. म्हणजे वर जाताना एक सॅम्पल मोजले आणि खाली येताना दुसरे. त्यानंतर प्रत्येक शक्तीला ताजी जागा, क्रम चिठ्ठ्या टाकून, आणि शेवटी १ मिलिज्यूलची मोजणी पुन्हा, असा नियम केला.

*शर्यत.* शेवटची चाचणी सपाट फिल्मवर. पंप २९ मिलिज्यूल. सर म्हणाले, "जाळशील गं फिल्म." हिशेबाने लॅटिस स्पंजाएवढीच, ३५ केल्विननेच तापणार होती, कारण फिल्म ९७ टक्के परत फेकते; तरी पहिल्या स्कॅनला सगळ्यांचे श्वास रोखलेले. फिल्म टिकली. वेळ आली ३.४ पिकोसेकंद. सपाट, जाड, धागे-बिगे काही नसलेले साधे सोने, आणि तेवढेच मंद.

निष्पत्ती

युग्मनांक स्पंजात बदलत नाही, निदान २५ नॅनोमीटरच्या धाग्यांत आणि आमच्या दहा-पंधरा टक्के चुकीच्या मर्यादेत. हा निष्कर्ष पेपरात गेला. सातेक महिने उशिरा.

विद्यार्थिनीच्या 'नवीन काहीच नाही?' ला उत्तर मात्र हळूहळू मिळाले, आणि ते तिनेच शोधले. सेमिनारमध्ये तिने पहिल्या स्लाइडवर दोनच आकडे टाकले: ४२० आणि १६००. प्रकाश तोच, धातू तोच, आणि नुसत्या घडणीने इलेक्ट्रॉन चौपट तापमानाला. तेही इतका वेळ, की पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूला त्यातला एखादा मिळायची संधी वाढते. सोन्याचा स्पंज कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनासारख्या अभिक्रियांत उत्प्रेरक म्हणून आधीच ओळखीचा आहे. तिथे प्रकाशाने तापवलेले इलेक्ट्रॉन कामी येतील का, हा प्रश्न आता नेमक्या आकड्यांनिशी विचारता येतो. अलीकडे स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या गटाने अशाच सच्छिद्र सोन्यात सुमारे ३२०० केल्विन आणि सपाटात सुमारे ८०० केल्विन असे इलेक्ट्रॉन-तापमान दाखवले. ते आकडे वाचताना आमची संध्याकाळ आठवली; चौपट तिथेही होतेच.

परिषदेत तिने पोस्टरवर 'का' लिहिले. सारांशात ते नव्हते म्हणून काही खोडावे लागले नाही. सरांनी ताटाचा विषय पुन्हा काढला नाही.

आज पुन्हा करायचे झाले तर

शोषण पहिल्या दिवशी मोजेन, लेसर चालू करण्याआधी. दोन दिवसांचे काम होते आणि आम्ही ते तीन महिन्यांनी केले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुलना कशाच्या बरोबरीने करायची हे आधी लिहून ठेवेन. लेसरची शक्ती सारखी ठेवणे सोपे, कारण तिची मूठ आपल्या हातात असते. म्हणूनच मी ती सूचना पटकन दिली. इलेक्ट्रॉनांचे तापमान सारखे ठेवायला हिशेब करावा लागतो.

शर्यतीचा प्रयोग शेवटी न ठेवता आधी करेन. तो झाला असता तर चाळीस टक्क्यांवर गेलेला आठवडा वाचला असता. पण खरे सांगायचे तर त्या वेळी २९ मिलिज्यूल फिल्मवर मारायची परवानगी मला कोणी दिली असती असे वाटत नाही. शोषणाचा आकडा हातात आल्यावरच ती मिळाली.

एक गोष्ट अजूनही मनासारखी नाही. सिग्नल आणि तापमान यांचे नाते १६०० केल्विनपर्यंत सरळ राहत नाही, आणि स्पंजात ते सपाट फिल्मसारखेच वाकते का हे आम्ही फक्त एका प्रोब-रंगाला तपासले. शिवाय पहिल्या अर्ध्या पिकोसेकंदात इलेक्ट्रॉनांचे आपसांतले वाटपच पुरे झालेले नसते, तेव्हा त्यांना 'तापमान' म्हणणे ओढूनताणून आहे. तो भाग फिटमधून वगळला, पण कुठून वगळायचा हे नजरेने ठरवले. आता ते आधी ठरवून घेते.

धागे १० नॅनोमीटरच्या खाली नेले तर २००३ च्या कणांसारखी देवघेव जलद होते का, हे पाहायचे राहिले आहे. त्यासाठी ॲसिड थंड ठेवून वर्ख लवकर उचलावा लागतो, आणि तेवढ्या लवकर उचललेल्यात चांदी जास्त उरते. विद्यार्थिनी सध्या बर्फात ठेवलेल्या डिशवर त्याच खटपटीत आहे. तिच्या वहीत आता 'शक्ती' च्या शेजारी 'शोषण' असा रकाना आखलेला असतो, आणि परवा पाहिले तेव्हा दहापैकी सात वर्ख फाटलेले होते.